बाळ पायाळू, चौतिसावा आठवडा: सुया, मोक्सा आणि एक बेनावाची पुडी

कॉटनग्रीन_स्लो

पहिलटकरीण आहे. गेल्या मंगळवारच्या सोनोग्राफीत बाळ बसलेलं निघालं. डोकं वर, माझ्या उजव्या बरगडीखाली, आणि बूड खाली. रिपोर्टवर ‘ब्रीच’ लिहिलंय. घरी सांगितलं तर सासूबाई घाबरायच्या सोडून खूश! म्हणाल्या, “पायाळू होणार गं!” त्यांच्या माहेरी कुडाळकडे पायाळू माणसाला भलता मान. म्हणे विहीर कुठे खणायची ते त्याला कळतं, आणि उसण भरलेल्या कंबरेला त्याचा पाय लागला की उसण पळते. मला विहीर खणायची नाहीये. आम्ही काळाचौकीला अठराव्या मजल्यावर राहतो.

तर मुद्दा असा. माझी नणंद ऑकलंडला असते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिने छत्तिसाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला सुया (ॲक्युपंक्चर) लावून घेतल्या होत्या. तिकडे मिडवाइफच बाळंतपणाचं सगळं बघते, आणि हिच्या मिडवाइफनेच ते सुचवलं होतं. ब्रीचचं कळल्यापासून ताईंच्या रोज दोन व्हॉइस नोट येतात: “मोक्सा कर, मोक्सा कर, चौतीस म्हणजे अगदी वेळेवर आहेस.” मोक्सा म्हणजे पायाच्या करंगळीपाशी एक जळती कांडी धरायची, त्याने बाळ फिरतं म्हणे. मी हसले. पण रात्री अडीचला जाग आली की हसू येत नाही.

शनिवारी दादरला एकांकडे जाऊन आले. साड्यांच्या दुकानावर पहिला मजला, भिंतीवर अंगभर रेघा मारलेल्या चिनी माणसाचा लॅमिनेट केलेला तक्ता. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि “किडनीची ऊर्जा कमी आहे, आत थंडी आहे” असं सांगितलं. (मे महिना, पंखा बंद, मी घामाने निथळत होते.) मग हिशोब: दहा बैठका, एकीचे नऊशे, सगळे आगाऊ. मोक्साच्या कांड्या घरी नेऊन लावायच्या. आणि वर झिपवाल्या पिशवीत तपकिरी पूड, दोन वेळा कोमट पाण्यातून. “शेवटच्या महिन्यात घेतली की गर्भाशय मोकळं होतं.” आत काय आहे विचारलं तर म्हणाले, “चायनीज फॉर्म्युला आहे मॅडम, सगळं नॅचरल.” पिशवीवर ना नाव, ना तारीख.

आमच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “सुया टोचून घ्यायच्या तर घ्या, पण पोटात काही जायच्या आधी मला दाखवा,” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांचं बरोबरच आहे, बाहेर चाळीस जणी बसल्या होत्या.

कोणी केलंय का हे? बाळ खरंच फिरतं? आणि बाळ फिरो न फिरो, कळा सोप्या जाव्यात म्हणून सुयांचा उपयोग होतो का? पुडी अजून फ्रिजवर तशीच आहे. सासूबाईंनी ती दोनदा हुंगून पाहिली आणि म्हणाल्या, “सुंठ तर नक्की आहे.”

शेपूची_भाजी

मी केलंय, दोन वर्षांपूर्वी, कांदिवलीला. दुसरी खेप, तेहतिसावा आठवडा, बाळ आडवं-तिरकं, मग ब्रीच.

कांडी सिगारइतकी जाड असते. आत वाळलेला पाला कुटून भरलेला. जोतिबाला चैत्रात वाहतात ना दवणा, त्याच्याच जातकुळीतली वनस्पती. गॅसवर पेटवायची, ज्योत विझवायची, निखारा ठेवायचा. मी सोफ्यावर पाय लांब करून, नवरा खाली पाटावर. करंगळीच्या नखाचा बाहेरचा कोपरा, तिथून दोन बोटं अंतर ठेवून धरायची. एका पायाला पंधरा मिनिटं, मग दुसऱ्या. राख वाटीत झटकायची, नाहीतर पायावर पडते. मला शेवटी पाय सुजलेले असल्यामुळे चटका उशिरा कळायचा, म्हणून नवरा स्वतःचं बोट माझ्या करंगळीला लावून बसायचा. त्याला भाजलं की कांडी मागे. सात महिन्यांत त्याने केलेलं सगळ्यात उपयोगी काम.

वासाची पूर्वतयारी ठेव. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू बेल वाजवून आल्या, नाक वर करून आत पाहिलं आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, “अगं, या दिवसांत तरी...” त्यांना वाटलं आम्ही गांजा ओढतोय! तो वास खरंच तसा असतो. बिनधुराची कांडी पण मिळते, कोळशासारखी काळी, पेटता पेटत नाही. विझवायला बरणीत वाळू ठेव, पाण्यात बुडवलीस तर दुसऱ्या दिवशी ती पेटणार नाही.

बाळ नवव्या दिवशी फिरलं. रात्री जेवताना आत मासा उलटावा तसं झालं, माझ्या हातातला घास तसाच राहिला. पण आमच्या डॉक्टरांनी हवा काढली: “दुसरेपणाला पोट सैल असतं, कांडी लावली नसती तरी फिरलं असतं कदाचित.” असेल. तुझी पहिली खेप आहे हे लक्षात ठेव.

पुडीबद्दल मला माहीत नाही. मी घेतली नसती.

टिटवाळा_फास्ट

विषय बाळंतपणाचा आहे, पण अभिमानाने सांगतो, ही सुयांची विद्या भारतात आणली ती आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी.

परळचा_केमिस्ट

@टिटवाळा_फास्ट, नाही हो. कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथे युद्धात शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. वय अवघं ३२. ते परतलेच नाहीत. ॲक्युपंक्चर शिकून इकडे आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, कलकत्त्याला, १९५९ मध्ये. कोटणीसांचं मोठेपण त्याने तसूभर कमी होत नाही.

आता ताई, तुमची पुडी. बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे, ‘नॅचरल’ शब्द ऐकला की माझा हात आपोआप थांबतो. एरंडेल नॅचरलच आहे, पण दिवस भरत आलेल्या बाईला कुणी ते पाजलं तर काय धावपळ होते ते मी पाहिलंय.

चिनी काढ्यांत बायकांच्या तक्रारींवर सर्रास वापरतात त्या वनस्पतींत ‘तांग-क्वेई’ येते. तिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढतो. करडईची फुलं येतात, ती तर ‘रक्त चालतं करायला’ म्हणूनच देतात, आणि गरोदरपणी ती टाळायची असं चिनी वैद्यकच सांगतं. तुमच्या पुडीत ती आहेत असं मी म्हणत नाही. तुमच्या पुडीत काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही, गडबड तिथेच आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरीच मुळी गेली आणि शंभरेक बायकांच्या किडन्या खराब झाल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, नाव चुकलं होतं. तुमच्या पिशवीवर चुकायलाही नाव नाही.

मोक्साचं थोडं वाचलंय, कारण माझ्या बहिणीने मला हाच प्रश्न विचारला होता. १९९८ साली चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या २६० पहिलटकरणींवरचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. तेहतिसाव्या आठवड्यात मोक्सा सुरू केलेल्यांपैकी ७५ टक्क्यांची बाळं पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत डोक्यावर आली, न केलेल्यांत ४८ टक्क्यांची. ऐकायला झकास. मग त्याच संशोधकाने इटलीत पुन्हा करून पाहिलं, ते २००५ मध्ये छापून आलं. १२३ बायका झाल्यावर अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण बायका वासाने मळमळून कांड्या सोडत होत्या. जमलेल्या आकड्यांत फरक काहीच नाही, ३४ आणि ३६ टक्के. माझ्या बहिणीला मी दोन्ही सांगितले. तिने पहिलाच लक्षात ठेवला.

कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून लावायच्या सुयांवर कॉक्रेनचा (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१७ चा आढावा आहे. २२ चाचण्या, ३४५६ बायका. सिझेरियन कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. गर्भाशयाचं तोंड थोडं मऊ व्हायला मदत होत असावी, इतपतच.

निवृत्त_सिस्टर

बाळा, मी एकतीस वर्षं पालिकेच्या हॉस्पिटलात लेबर वॉर्डात काढली. सुया मी कधी टोचल्या नाहीत, पण ब्रीच खूप पाहिली, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस. अठ्ठाविसाव्या आठवड्याला चारातलं-पाचातलं एक बाळ बसलेलंच असतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी राहतात. बाकीची आपसूक फिरतात, कुणी कांडी लावो न लावो. तुझ्याकडे अजून जागा आहे, पाणी आहे. आणि सासूबाईंना सांग, बूड खाली असलं की आम्ही त्याला बसलेलं म्हणायचो. पाय पुढे येतात तो खरा पायाळू. उगाच आधीच मान देऊ नका.

मॅडमना तीन गोष्टी विचार, दोन मिनिटं लागतात: वार (प्लासेंटा) कुठे आहे, बाळाभोवती पाणी किती आहे, आणि बाहेरून हात देऊन बाळ फिरवायचं का. हे शेवटचं छत्तीस-सदतीस आठवड्यांना करतात, मॉनिटर लावून, ऑपरेशन थिएटर जवळ ठेवून. पोटावर तेल-पावडर लावून बाळाला कोलांटी मारायला लावतात म्हण ना. साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिलटकरणीला त्याहून थोडं कमी. पण पाणी कमी असेल, रक्तस्राव झालेला असेल, वार खाली असेल, तर कोणी हात लावणार नाही. त्याच कारणांसाठी कांडीसुद्धा मॅडमना विचारूनच धर.

सुया लावायच्या तर लावणाऱ्याची नोंदणी बघ. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे. नंबर विचारण्यात लाज कसली? सुईचं पाकीट तुझ्यासमोर फाडलं पाहिजे, एकदा वापरून डब्यात. उताणं झोपवून अर्धा तास ठेवतो म्हणाले तर नको सांग. या दिवसांत उताणं पडलं की पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर येतं, गरगरतं. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी.

आणि काही जागा आत्ता कोणाला दाबू देऊ नकोस. एक पायाच्या आतल्या बाजूची, घोट्याच्या हाडावर आपली चार बोटं आडवी ठेवली की वरच्या बोटाला लागते ती. हाडाच्या मागे दाबलं की ठणकते. ते लोक एसपी ६ म्हणतात. दुसरी हातावरची, अंगठा नि तर्जनी जुळवली की जो उंचवटा येतो तिथली. तिसरी खांद्यावरची. त्यांच्या शास्त्रात गरोदरपणी या वर्ज्य आहेत, आणि कळा सुरू झाल्या की याच दाबायच्या. म्हणजे पार्लरमधल्या पोरीने “फूट मसाज देते” म्हटलं तरी घोट्याच्या वर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुला दादरला कोणी सांगितलं नसणार. बाळ बसलेलं असताना पाणी गेलं तर ‘कळा येऊ देत, मग निघू’ करायचं नाही. डोकं खाली असलं की ते बुचासारखं बसतं. बूड किंवा पाय खाली असले की बाजूने जागा राहते आणि नाळ घसरून खाली येऊ शकते. नाळ दाबली गेली की बाळाचा श्वासच दाबला. पाणी गेलं की लगेच आडवी हो, कंबरेखाली उशी, रुग्णवाहिका, थेट हॉस्पिटल. ट्रेन नाही, स्कूटर नाही, उबरमध्ये ताठ बसून नाही. योनीपाशी दोरीसारखं काही लागलं तर गुडघे-कोपरांवर ओणवी हो, डोकं खाली, आणि फोन दुसऱ्याने करायचा. माझ्या नोकरीत असं दोनदा पाहिलं. एक बाळ वाचलं.

फ्रिजवरची पुडी आजच मॅडमकडे ने.

बाप_माणूस

बोरिवली. माझ्या बायकोच्या वेळी एका वर्गात दोन रविवार जाऊन दाबायच्या जागा शिकलो होतो. सुया नाहीत, फक्त अंगठे. नर्सिंग होमने मला आत राहू दिलं. हे आधी विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी नवऱ्याला कॉरिडॉरमध्येच ठेवतात.

अंगठ्याजवळची ती जागा दाबली की बायको म्हणायची, “सोड.” सोडली की म्हणायची, “सोडलीस का?” खरा उपयोग झाला तो कंबरेखाली, माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडावर तळहाताची टाच रेटून धरण्याचा. प्रत्येक कळेला. पहाटे चारला माझी मनगटं गेली तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला केलं आणि तेच, तसंच, कुठल्याही वर्गाला न जाता सुरू केलं. त्यांना कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, “मग काय बघत बसायचं?”

सिडनीचा २०१६ चा एक अभ्यास आमच्या शिक्षिकेने सांगितला होता, नंतर मी स्वतः वाचला. १७६ पहिलटकरणी. निम्म्यांना दोन दिवसांचा वर्ग: दाबायच्या जागा, श्वास, मालीश, योग, सगळं मिळून, जोडीदारासकट. त्यांच्यात एपिड्युरल (कळा बधिर करायचं पाठीतलं इंजेक्शन) २४ टक्के, बाकीच्यांत ६९. सिझेरियन १८ आणि ३२. यातलं श्रेय अंगठ्याला किती, श्वासाला किती आणि जोडीदार शेजारी असण्याला किती, ते त्यातून कळत नाही. मी अर्थातच सगळं स्वतःकडे घेतो.

कॉटनग्रीन_स्लो

सगळ्यांचे आभार. सिस्टर, नाळेचं वाचून हातातला चहा गार झाला. ते नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का ते तो वॉचमनकडून मोजून आला. मावतं, तिरकं.

पुडी मॅडमना दाखवली. त्यांनी झिप उघडलीही नाही, थेट डस्टबिन. दादरला नोंदणी क्रमांक विचारला तर “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर आलं. आगाऊ पैसे भरले नव्हते, नशीब. माटुंग्याला एक बाई सापडल्या. नंबर भिंतीवर लावलेला, आणि मी काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, “तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत?” वार वर आहे, बीपी नॉर्मल आहे, म्हणून मॅडमनी लिहून दिलं. उद्यापासून कांडी. शेपूताई, वाळूची बरणी तयार आहे.

कॉटनग्रीन_स्लो

तीन आठवड्यांनी लिहितेय, कोणी वाचत असेल तर.

दहा दिवस दोन्ही पायांना मोक्सा केला. बाळ त्या अर्ध्या तासात खूप वळवळायचं, हे अगदी खरं, पोटाचा आकार बदललेला दिसायचा. सासूबाईंना वास आवडला. म्हणाल्या, बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-वावडिंगाची धुरी देतात तसं वाटतं. ताई तिकडून म्हणाल्या, त्यांच्या चिनी शेजारणीलाही बाळंत झाल्यावर महिनाभर गार पाण्यात हात घालू दिला नव्हता, आल्याचं नि तिळाच्या तेलातलंच जेवण. मग दोघी डिंकाच्या लाडवांवर पाऊण तास बोलल्या. फोन माझा होता.

छत्तीस आठवडे चार दिवसांना सोनोग्राफी. डोकं वर ते वरच. बाहेरून फिरवायचं का विचारलं, तर पाणी आता काठावर कमी आहे, मॅडम नको म्हणाल्या. मी रडले, बाथरूममध्ये, नळ सोडून. एकोणचाळीस पूर्ण झाले की सिझेरियनची तारीख मिळाली आहे, बुधवार.

माटुंग्याच्या बाईंकडे मात्र अजून जाते, आठवड्यातून एकदा. बाळ फिरवायला नाही. सहाव्या महिन्यापासून माझी कंबर आणि डावा खुबा ठणकत होता, हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहून जास्तच. डाव्या कुशीवर झोपवून त्या पाच-सहा सुया लावतात आणि मी चक्क घोरते. मागच्या वेळी उठवलं तेव्हा विचारलं, “कुठलं स्टेशन आलं?” त्या रात्री सलग पाच तास झोप लागली. कशाने लागली ते केमिस्टदादांनी तपासावं, मी झोपले होते.

एक प्रश्न राहिलाय, सिस्टर, तुम्हीच सांगाल. पोट कापून काढलेलं मूल पायाळू धरतात का? तुमचं ‘बसलेलं’ प्रकरण मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना ते मान्य नाही. कुडाळच्या मामेसासऱ्यांची कंबर दिवाळीपासून धरलेली आहे, त्यांनी बारशाच्या दिवसाचं तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला सांगितलंय, खालचा बर्थ.

निवृत्त_सिस्टर

काढताना पाय आधी आले तर धरा. मी असते तर मामांना तेवढं सांगितलं असतं. पण बारशाला पाय द्यायला फार लवकर होईल, पोर चालायला लागू दे. तोवर त्यांना शेक घ्यायला सांग.